एक किलोच्या आत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शैलामावशी लॅपटॉप वजनावर घेतात. घेतात म्हणणं खरं नाही, घ्यायला जातात. त्यांच्या पर्समध्ये एक ताणकाटा असतो, रद्दीवाल्याकडे असतो तसा, वर कडी आणि खाली हूक. दुकानात शिरल्यावर त्या आधी जुन्या साडीची शिवलेली पिशवी काढतात, मग काटा काढतात आणि काउंटरमागच्या माणसाला म्हणतात, "तो तिसरा दाखवा. नाही, चालू नका करू. आधी तोलू."

नवा माणूस हसतो. जुना माणूस आत चहा सांगतो.

मावशींची अट साधी आहे. लॅपटॉप एक किलोच्या आत हवा आणि त्यावर लिनक्स नीट चाललं पाहिजे. चार्जर वजनात धरायचा नाही, कारण "चार्जर घरीच असतो." त्यांची वजनं आकड्यात नसतात, भाजीत असतात. एक किलोच्या आतला लॅपटॉप म्हणजे मेथीची जुडी. थोडा वर गेला की कोबी. त्याच्यावर दुधी. त्याहून जड म्हणजे द्राक्षांची पेटी. एकदा एका दुकानात गेम खेळण्यासाठीचा लाल दिव्यांचा लॅपटॉप हुकाला लावल्यावर काट्याची स्प्रिंग कण्हली. मावशींनी तो दोन्ही हातांनी परत दिला. "हा पाटा आहे," त्या म्हणाल्या. "वरवंटा कुठे ठेवलाय?"

लिनक्स म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मी मावशींचीच व्याख्या देते. माझी देऊन उपयोग नाही, मी असल्या गोष्टी इंग्लिशमध्ये शिकले आणि त्या तिथेच राहिल्या. मावशी म्हणतात, "दुकानातून लॅपटॉप येतो तो आत कुणीतरी राहायला घालूनच येतो. तो भाडं मागतो. ऐन कामाच्या वेळी दार लावून आत रंगकाम काढतो आणि आपण बाहेर उभे. लिनक्स म्हणजे घर मोकळं करून आपण राहायला जायचं. ज्यांनी बांधलं त्यांनी नकाशासुद्धा हातात दिलाय. भिंत पाडावीशी वाटली, पाडा. कुणाची परवानगी नको. आपल्या घराची किल्ली आपल्याकडे पाहिजे."

त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. खात्यातल्या मोठ्या मशीनवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, त्यांच्या तोंडात तीच भाषा बसली. चित्रांवर टिचक्या मारत बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "विनवण्या कशाला करायच्या? आज्ञा द्यावी." लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "दोन-तीन आले होते. स्पेसिफिकेशन जुळलं नाही."

घरात त्यांचा एक लॅपटॉप आहे. दुधी. जुना, बिजागरीला चिकटपट्टी लावलेला आणि ठणठणीत. त्यावर लिनक्स चालतं, सोसायटीची पाण्याची पाळी ठरते आणि अख्ख्या इमारतीची वीजबिलं भरली जातात. मग नवा कशाला? "प्रवासात न्यायला," मावशी म्हणतात. त्यांचा प्रवास मला माहीत आहे. मनमाडला धाकटी बहीण आहे, तिच्याकडे वर्षातून एकदा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

मला शैलामावशींचा पहिल्यापासून हेवा वाटायचा. त्या कुणाशीही बोलतात. लिफ्टमध्ये, दूध घेताना, रिक्षाच्या पुढच्या आरशात बघून. मी घरून काम करते. बाहेरगावच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून लिहून कळवते. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असतो. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे भाजीवाला एकोणसाठ म्हणाला की मी मनात एकोणसत्तरपर्यंत जाऊन परत येते आणि तोवर त्याचं दुसरं गिऱ्हाईक झालेलं असतं. मावशी मात्र भाजीवाल्याला त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारतात, आणि तो कोथिंबीर वर टाकतो.

अशा बाईनं मला सोबत का घ्यावं, ते मला कळलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी त्यांनी बेल वाजवली आणि आईला म्हणाल्या, "सानूला नेते गं कॉलेज रोडला. दुकानातली पोरं इंग्लिश झाडतात. एक माणूस आपल्याकडचं असलेलं बरं." आईनं मला चपला घालेपर्यंत ढकललं.

दुकानात मी एक शब्द बोलले नाही. मुलानं इंग्लिश झाडलं, मावशींनी मराठीत उत्तरं दिली, आणि शेवटी तोच मराठीत आला. निघताना त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

"ही आमची ठेवणीतली," मावशी म्हणाल्या. "इंग्लिश मीडियम. लागली तर काढू."

त्यानंतर प्रत्येक दुकानात माझी हीच ओळख झाली. ठेवणीतल्या साडीसारखी मी घडी घालून उभी असायची. पण काटा माझ्या हातात असायचा. मावशी पिशवीत लॅपटॉप ठेवायच्या, मी कडी धरून उचलायची, काटा स्थिर होईपर्यंत दोघी श्वास धरायचो, मग त्या विचारायच्या, "किती?" मी सांगायची. माझा दुकानातला तेवढाच संवाद. मला तो पुरायचा.

वजनात पास झालेल्याची पुढची परीक्षा पेन ड्राइव्हनं. मावशींच्या गळ्यात काळ्या गोफात एक पेन ड्राइव्ह असतो. त्यात त्यांचं सगळं लिनक्स आहे. लॅपटॉपला तो लावायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं, आत आधीच राहणाऱ्या कंपनीच्या सिस्टीमला हातही लावायचा नाही. एकदा टाय लावलेला एक नवा मुलगा आडवा आला. "मावशी, व्हायरस येईल."

"बाळा, त्यात मी राहते," मावशी म्हणाल्या आणि लावला. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं धावायला लागली. मुलगा घाबरून मालकाला बोलवायला गेला. मालक आले, मावशींना बघितलं, मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "तू लहान आहेस अजून. जा, तीन चहा सांग."

मग वायफाय लागतं का, आवाज येतो का. शेवटी झोपेची परीक्षा. झाकण लावायचं, चहा पिऊन व्हायचा, झाकण उघडायचं. उघडल्यावर मशीननं जागं झालं पाहिजे. "झोपलेलं उठलं पाहिजे," मावशी म्हणतात, "माणूस असो नाहीतर मशीन." बरेच लॅपटॉप तिथे नापास व्हायचे. जे व्हायचे नाहीत त्यांच्यात मावशींना दुसरं काहीतरी दिसायचं. बटणं खोल आहेत. कड हाताला लागते. एकाला तर त्यांनी "हा सारखा श्वास टाकतो" म्हणून नाकारलं. पंखा होता तो.

नाकारून झालं की आम्ही मिसळ खायला जायचो. मावशींना पापड चालत नाही, दातांमुळे. त्यांच्या ताटातला पापड त्या न बोलता माझ्या ताटात ठेवायच्या. मग पुढच्या शनिवारचं दुकान ठरायचं.

मिसळ खातानाच त्यांनी मला फ्रिजची गोष्ट सांगितली होती. पूर्वी त्या फ्रिज बघत होत्या, बरेच महिने. शालिमारच्या एका दुकानात जायच्या, बसायच्या. दुकानदाराची बायकोही ओळखीची झाली होती, लोणचं द्यायची. "शेवटी घेतला बाई. आठवड्यानं सहज गेले, तर तो विचारतो, कंप्लेंट आहे का? घेईपर्यंत मावशी, घेतल्यावर कस्टमर." सांगून त्या खूप हसल्या. मीही हसले. तर्री नाकात गेली म्हणून बाकीची गोष्ट राहिली.

दोन वर्षं असं छान चाललं होतं. मग प्रांजल आली.

प्रांजल सटाण्याची. आमच्या शेजारच्या विंगमध्ये तीन मुली मिळून राहतात, त्यातली एक. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आल्या दिवशी तिनं वॉचमनला विचारलं, "काय दादा, जेवन व्हयनं का?" आणि सहा वर्षं मला नुसता सलाम करणारा तो माणूस खुर्चीतून उठून तिच्याशी अहिराणीत बोलायला लागला. आठवड्याभरात तिला सोसायटीतल्या सगळ्यांची नावं माहीत होती. मला अजून बी विंगच्या कुत्र्याचंच नाव माहीत आहे.

तिच्या लॅपटॉपवरही लिनक्स होतं. हे मावशींना जिन्यात कळलं. त्या दोघी जिन्यातच बसल्या. मी वरून कचऱ्याचा डबा घेऊन आले तेव्हा मावशींच्या गळ्यातला पेन ड्राइव्ह प्रांजलच्या हातात होता. माझ्या हातात तो त्यांनी कधी दिला नव्हता. मी कधी मागितलाही नव्हता, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या शनिवारी मी तयार होऊन खाली आले. मावशींची स्कूटी सुरू होती. पुढे प्रांजल, मागे मावशी.

"सानू, तिघी बसत नाही गं," मावशी म्हणाल्या. "तू रिक्षानं ये."

मी रिक्षानं गेले. गंगापूर रोडवर सिग्नलला त्या दोघी माझ्या पुढेच होत्या. प्रांजल काहीतरी सांगत होती आणि मावशी तिच्या खांद्यावर हात मारून हसत होत्या. मावशींनी माझ्या मागे बसण्याचा प्रश्नच नव्हता, मला स्कूटी येत नाही. तरी मला वाटलं, खांदा तर मलाही आहे.

दुकानात काटा प्रांजलनं धरला. कुणी दिला असंही नाही, तिनं मावशींच्या पर्समधून काढला. "मावशी, हा बघा, लय हलका हाय." मी बाजूला प्रिंटरच्या खोक्यांजवळ उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "आज नवीन कोण?" मावशी म्हणाल्या, "ही आमची रोजच्या वापरातली."

मिसळीच्या वेळी पापड प्रांजलच्या ताटात गेला. तिनं तो न बघता मोडून रश्श्यात टाकला, जसा काही तो तिचाच होता.

घरी येऊन मी आईला सांगितलं की मला शनिवारी काम असतं. आई म्हणाली, "तुला कधीपासून?" मग पुढच्या शनिवारी मी गेलेच. न जाऊन काय काय राहतंय, याचा विचार घरी बसून करण्यापेक्षा समोर बघितलेलं बरं.

प्रांजलमध्ये एक मोठा दोष होता, तो मी माझ्या कामाच्या सवयीनं ओळखायला हवा होता. ती काम पूर्ण करायची. आम्ही दोन वर्षं दुकानांतून फिरलो, तिनं घरी बसून सगळे लॅपटॉप धुंडाळले. कुठल्यावर लिनक्सला वायफाय लागतं, कुठला झोपून उठतो, कुणी कुणी वापरून काय लिहिलंय, सगळं. महिन्याभरात ती म्हणाली, "मावशी, सापडला. कॉलेज रोडच्या आपल्या दुकानात मागवायला सांगितलाय. शनिवारी येईल."

"अगं वा," मावशी म्हणाल्या. एवढंच.

शनिवारी तिघी रिक्षानं गेलो, कारण येताना लॅपटॉप असणार होता. मालक स्वतः काउंटरवर होते. त्यांनी खोकं पेढ्याच्या पुडक्यासारखं हलक्या हातानं उघडलं. लॅपटॉप काळा, पातळ, न चमकणारा. प्रांजल म्हणाली, "आधी चालवून बघू, वजन शेवटी. मला खात्री हाय."

पेन ड्राइव्ह लागला. पांढरी अक्षरं धावली. वायफाय लगेच लागलं. आवाज आला. झाकण लावलं, चहा आला, चहा संपला, झाकण उघडलं आणि मशीन जागं झालं, जसं काही आमचीच वाट बघत होतं.

"मावशी, आता घ्याच," मालक म्हणाले.

मी मावशींकडे बघितलं. दोन वर्षं मी त्यांच्याकडे बघत आले आहे, मला दुसरं काही काम नसायचं. नापास झालेला लॅपटॉप परत देताना त्यांचा चेहरा खुलतो. आज तो तसा नव्हता. गाडी सुटल्यावर फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाचा असतो, तसा होता.

"पडदा लहान आहे," त्या म्हणाल्या.

"अक्षर मोठं करून दिलंय ना मावशी. बघा."

"बटणं वाजतात."

"तुमच्या जुन्याची किती वाजतात. पार आमच्या विंगला ऐकू येतं."

"काळा रंग गं. धूळ दिसते."

"तुम्हीच म्हणाल्या होत्या, काळाच पाहिजे. चांदीचा म्हणजे ताटासारखा दिसतो, म्हणाल्या."

मालक हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी काढली, लॅपटॉप आत ठेवला आणि काटा काढला. प्रांजलनं हात पुढे केला. मावशींनी तो तिच्या हातावरून माझ्यापुढे धरला.

"तू धर, सानू."

मी कडी धरली आणि उचललं. काटा हलला, थरथरला, थांबला. एकच्या रेषेच्या अलीकडे, अगदी नीट अलीकडे. मेथीची जुडी.

"किती?" मावशींनी विचारलं.

त्या काट्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. आणि मला एकदम तो फ्रिज आठवला. घेईपर्यंत मावशी. मागच्या दोन वर्षांत नापास झालेले सगळे लॅपटॉप, खोल बटणांचे, कड लागणारे, श्वास टाकणारे, मला ओळीनं उभे दिसले. त्यांतला एकही तेवढा वाईट नव्हता.

मग माझ्या तोंडून इंग्लिश बाहेर पडलं. मोठ्यानं, मालकांना उद्देशून, शाळेत वक्तृत्वाच्या तासाला कधी आला नाही अशा आवाजात.

"वी ऑलवेज वे इट विथ द चार्जर."

मालकांनी मला वजनाशिवाय काही बोलताना दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं.

"चार्जर?" प्रांजल म्हणाली. "चार्जर कधी धरलाय आपण? मावशी, तुम्हीच म्हणता, चार्जर घरीच असतो."

"प्रवासात?" मी मराठीत विचारलं. "प्रवासात चार्जर घरी ठेवून जाणार?"

मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "चार्जर राहिलाच होता." त्यांनी खोक्यातला चार्जर काढून, वायर व्यवस्थित गुंडाळून, स्वतःच्या हातानं पिशवीत ठेवला. काटा रेषेच्या पलीकडे गेला.

"कोबी," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला.

मालकांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा मावशींकडे. मग खोकं बंद करताना म्हणाले, "ठेवणीतली काढलीत आज."

"लागली," मावशी म्हणाल्या.

या सगळ्यात माझी माया किती आणि प्रांजलनं आणलेला लॅपटॉप परत जातोय याचा आनंद किती, ते मी विचारू नये असं ठरवलं आहे. असल्या गोष्टी तोलायचा काटा माझ्याकडे नाही.

मिसळ आली. मावशींनी आपला पापड उचलला, दोघींकडे बघितलं आणि मधोमध मोडला. मोठा तुकडा माझ्याकडे आला. मला कुणी दाखवला नाही, मला दिसला. प्रांजलला संध्याकाळच्या गाडीनं सटाण्याला घरी जायचं होतं, तिला आम्ही सीबीएस स्टँडवर सोडलं. रिक्षातून उतरताना ती बॅग खांद्यावर टाकत म्हणाली, "मावशी, मी अजून शोधते. लहान चार्जरवाला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सानिकाताई, तुम्ही बोलता की."

ती वाईट मुलगी नाही. म्हणूनच जास्त त्रास होतो.

रिक्षा वळली. पर्स मावशींच्या मांडीवर होती आणि रिकामी पिशवी, काट्यासकट, माझ्या. अशोकस्तंभ आला.

"चांगला होता गं तो लॅपटॉप," मावशी म्हणाल्या.

"हो."

"घेतला असता मी. पैसे काढून आणले होते." त्या बाहेर बघत राहिल्या. "पण मग शनिवारी तू घरातून बाहेर पडली असतीस का?"

मी त्यांच्यासाठी खोटं बोलले होते, आणि त्यांनी ते माझ्यासाठी चालवून घेतलं होतं. दोन वर्षं त्या मला फिरायला नेत होत्या, आणि मला वाटत होतं मी त्यांना सोबत करते आहे. मी म्हणाले, "नसते पडले." ते खरंही होतं.

"मग झालं तर," मावशी समाधानानं म्हणाल्या.

सोसायटीच्या दारात उतरल्यावर मी पिशवी आणि काटा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पिशवी घेतली, घडी केली, पर्समध्ये घातली. काट्याला हात लावला नाही. लिफ्ट आली. माझा मजला आधी येतो. मी बाहेर पडले तेव्हा मावशींनी लिफ्टचं दार हातानं धरून ठेवलं.

"काटा राहू दे तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या. "म्हणजे शनिवारी तुला वर यावं लागेल."